नाव खोडलेली फाइल

ओजसनं माझं नाव खोडलं. चुकून नाही हं, जाणूनबुजून! तेव्हाच ठरवलं, याला चारचौघांत तोंडावर पाडल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

आमची खालापूरची छोटी कंपनी. पोल्ट्रीच्या शेडमधले पंखे चालवणारी कंट्रोलरची पेटी बनवते. पेटीतली चिप जुनी, स्वस्तातली. लॅपटॉपवर सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसोबत जी फंक्शनं, म्हणजे ठरावीक कामांचे तयार तुकडे, आयती मिळतात, त्यातली कितीतरी तिच्याकडे नाहीतच. मजकूर लिहिताना जागा संपली की थांबणारं एसएनप्रिंटएफ, तेसुद्धा नाही. ती सगळी मी कंपनीत लागण्याआधीच, भिसेगावला घरी बसून एका फाइलीत लिहिली होती, कुठल्याही चिपवर चालतील अशी. फाइलच्या डोक्यावर माझं नाव आणि एक अट: फुकट वापरा, पण नाव काढलंत तर परवानगी संपली.

ओजस म्हणजे मालकांचा पुतण्या. त्यानं तिथं स्वतःचं नाव टाकलं आणि साहेब होऊन बसला. मी मालकांकडे, गोपाळकृष्णकाकांकडे गेले, तर ते म्हणतात, "अगं, कंपनीत एकाच घरातल्यासारखी माणसं आपण. नावाचं काय घेऊन बसलीस?" मग बढती देताना कुठं जातं हो हे घर? राजीनामा टेबलावर आपटला आणि सांगितलं, माझी फाइल काढा.

ओजस हसला. "काढतो की. अशी फंक्शनं ढिगानं मिळतात गं."

काढली. लॅपटॉपवर चालवून पाहिलं, झकास. तिथं सगळं आयतंच असतं ना! पेटीवर अडलं, तेव्हा पठ्ठ्यानं जुनं एसप्रिंटएफ घातलं. ते जागा बघतच नाही, लिहीत सुटतं. पेटीच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या इंग्रजी सूचना तेवढ्या जागेत कशाबशा मावल्या, स्वारी खूश. कंपनीतल्या द्वारकानं मला हे सांगितलं. मी ओजसला अवाक्षर बोलले नाही. का बोलू?

चौक गावात माझ्या नात्यातल्या रोहिदासकाकांच्या पोल्ट्री शेडवर कंपनीला मोठ्या गिऱ्हाइकाला पेटी दाखवायची होती. काकांना मी आधीच बजावलं, "पक्ष्यांना काही होता कामा नये. पंखे थांबले तर हवेसाठी उघडायला शेडच्या पडद्यांच्या दोऱ्या हातात ठेवा. आणि सूचना मराठीत मागा." मराठी अक्षराला पेटीत इंग्रजीच्या तिप्पट जागा लागते. ओजसनं मराठी कधी तपासलंच नव्हतं.

त्या दिवशी मीही जाऊन उभी राहिले.

"मराठीत दाखव रं बाबा," काका म्हणाले. "आमी काय इंग्रजी वाचत नाय."

ओजसनं ऐटीत मराठी लावलं. तापमान वाढल्याची सूचना उमटायला लागली, जागेबाहेर सांडली आणि शेजारीच साठवलेल्या पंख्यांच्या आकड्यांवर चढली. सगळे पंखे बंद! काकांनी झटक्यात पडदे उघडले. गिऱ्हाईक मान हलवत गाडीकडे निघालं.

गोपाळकृष्णकाका माझ्याकडे धावले. "अक्षदा, तुझी फाइल परत घालू दे. नाव तुझंच, मोठ्या अक्षरांत."

"आधी ओजसला सांगू दे, ती कुणी लिहिली होती."

ओजस खाली बघून काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं!" मी ओरडले. किती दिवसांचा राग होता तो!

"अक्षदानं लिहिली होती. मी तिचं नाव खोडलं."

गिऱ्हाईक गाडीच्या दारात थांबून ऐकत होतं. गोपाळकृष्णकाकांनी हात जोडले. "झालं ना समाधान? आता दे परवानगी."

"समाधान झालं, काका. अगदी पोटभर," मी म्हटलं. "परवानगी नाही."