माहीत नसेल तर?

"पण काका, ही भाषा आम्ही शिकायची कशाला?" पहिल्या रांगेतल्या दाढीवाल्याने विचारलं आणि बैठकीच्या खोलीत जमलेले अकरा प्रोग्रॅमर हसले.

सगळ्या ऑफिसचे ते काका. शुक्रवारी निवृत्त होणार होते. अकरा वर्षं रविवार मोडून त्यांनी संगणकाची ही नवी भाषा रचली होती. "लोक बागकाम करतात, तुम्ही बसा कंस मोजत," असं बायको म्हणायची. आज जेवणाच्या सुट्टीत ती भाषा दाखवायची परवानगी मिळाली होती. एकाने जरी ती उचलली तरी काका भरून पावणार होते. नाहीतर शुक्रवारनंतर तिला कुत्रं विचारणार नव्हतं.

"वेगवान आहे का?"

"छे! गोगलगाय आहे."

"वापरतं कोण?"

"मी."

पुन्हा हशा. काकांनी घसा साफ केला.

"बर्फाच्या कारखान्यात अमोनिया वायूच्या गळतीची सूचना देणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. एकदा वायू मोजणारं मापक बंद पडलं. आकडाच आला नाही. अशा वेळी शून्य धर, असं मीच लिहून ठेवलेलं. शून्य म्हणजे गळती नाही. दारावरचा हिरवा दिवा बघून फिटर आत गेला. डोळे गेले त्याचे."

काकांनी पडद्यावरच्या ओळींकडे बोट दाखवलं.

"या भाषेत रिकाम्या जागेचं शून्य होत नाही. माहीत नसेल तर काय करायचं, हे लिहिल्याशिवाय प्रोग्रॅम चालतच नाही. एवढंच हिचं कौतुक."

"हे आमच्या भाषांतही करता येतं की, काका."

"येतं ना. मलाही येत होतं. केलं नाही."

दाढीवाल्याने खांदे उडवले. मग गंमत म्हणून त्याने काकांना विचारत विचारत आपल्या चालू कामातल्या वीस ओळी काकांच्या भाषेत उतरवल्या. रुग्णालयातल्या प्राणवायूच्या टाकीचं काम होतं ते. प्रोग्रॅम सातव्या ओळीवर अडला. पडद्यावर आलं: टाकीचा दाब माहीत नसेल तर?

"इथे मी मागचाच आकडा पुढे चालू ठेवलाय," तो हळूच म्हणाला.

सुट्टी संपली. एकेक जण आभार मानून सटकला. दाढीवाला मात्र खुर्ची ओढून तिथेच बसला.

"तो फिटर आता काय करतो, काका?"

"घरीच असतो. शनिवारी मी जातो, पेपर वाचून दाखवतो. भाषेचंही सांगितलंय त्याला. म्हणाला, कुणी वापरणार आहे का?"

दाढीवाला सातव्या ओळीखाली लिहीत होता: माहीत नसेल तर घंटा वाजव.

काकांनी सकाळपासून तसाच राहिलेला डबा उघडला आणि त्याच्या शेजारी बसून ते जेवू लागले.