जड गिअर

गाशे यिर्गांना आता रस्ता दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. मिनीबसच्या पुढच्या सीटवर, लेकीच्या शेजारी बसून ते पुरचुंडीतले भाजलेले जव चघळत होते. अस्नाकेचने क्लच दाबला की त्यांचं चघळणं थांबायचं. गिअर रांगेने पडला, पहिल्यामागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा, की दाढा पुन्हा चालू व्हायच्या. बापाच्या दाढांवर इतकं लक्ष ठेवून आजवर कुठल्या पोरीने गाडी चालवली नसेल.

लेकीसह सगळे ज्यांना मानाने गाशे म्हणत, त्यांनी घातलेली अट साधी होती आणि गोहा त्सियोनच्या सगळ्या बाजाराला ठाऊक होती. भरलेली गाडी घेऊन अस्नाकेचने अबाय नदीच्या दरीत उतरायचं, पूल ओलांडायचा आणि पलीकडे डेजेन गावाला चढायचं. वाटेत एकही गिअर गाळायचा नाही. जमलं तर किल्ली तिची. एकदा जरी गाळला, तर किल्ली देमेकेची. हा तिचा चुलतभाऊ. तो मागच्या दारापाशी बसून उतारूंशी गप्पा मारत होता, आणि त्याला कसलीही घाई नव्हती. हरली तर अस्नाकेचला परत आईच्या खाणावळीत, धुरात डोळे चोळत तव्यावर इंजेराच्या आंबोळ्या ओतायला बसायचं होतं. नुसत्या विचारानेच तिचा जीव घुसमटायचा.

गिअर गाळला तर बिघडतं काय, यावरून बापलेकीत वर्षभर जुंपली होती. गाशेंचं आयुष्य जुन्या इटालियन ट्रकवर गेलेलं. त्या ट्रकच्या गिअरपेटीत मधला गिअर गाळून पुढचा टाकायला जावं, तर तो पडायचाच नाही. आधीचाही परत बसायचा नाही, आणि मग उतारावर भरला ट्रक मोकळा सुटायचा. असे सुटलेले ट्रक गाशेंनी दरीच्या तळाशी पाहिले होते. अस्नाकेचचं म्हणणं, ही टोयोटा आहे, हिची पेटी समजूतदार आहे. वेग जुळत असेल तर चौथ्यातून थेट दुसरा टाका, हिचं काही बिघडत नाही. वेग न जुळता घुसवला तर मात्र कुठलीही पेटी ओरडेल. गाशे यावर एकच सांगायचे, "गिअर म्हणजे पायऱ्या. पायरी गाळली की दात पडतात, आधी गाडीचे आणि मग आपले." समोर बसलेले हसायचे आणि अस्नाकेचचा मुद्दा तिथेच विरून जायचा.

उताराच्या तोंडाशी पाटी होती, जड गिअर वापरा. या रस्त्यावर खालच्या गिअरला जड म्हणतात, कारण तो गाडीला मागे धरून ठेवतो. अस्नाकेचने पाटी वाचली, तिसरा टाकला आणि पुढे एक तेलाचा टँकर आडवा आला. टँकर कधी रांगायचा, कधी सुटायचा. अशा वेळी शहाण्याने दुसऱ्यात जाऊन निवांत मागे राहावं. पण हात गिअरकडे गेला की शेजारच्या दाढा थांबायच्या, आणि त्या थांबल्या की तिचा हात आखडायचा. म्हणून ती सगळं ब्रेकवरच भागवत राहिली. वळणामागून वळण, पाय ब्रेकवर. बापाच्या कानांची भीती तिच्या पायात उतरली होती.

"काहीतरी करपतंय," मागून एतेते बेलेटू म्हणाली. मांडीवर कोंबडी घेऊन बसलेली ही म्हातारी दर आठवड्याला डेजेनला जायची.

"टँकरचं असेल," अस्नाकेच म्हणाली. गाशेंनी नाक वर केलं.

मग थोडा सपाट पट्टा आला. टँकरवाल्याने बाजू दिली, तिने गाडी पुढे काढली आणि शिस्तीत तिसऱ्यातून चौथा टाकला. दाढा समाधानाने चालल्या. पट्टा संपला, वळण आलं, वळणापलीकडे रस्ता एकदम खाली कलला आणि अस्नाकेचने ब्रेक दाबला. पाय नुसताच आत गेला. भिजल्या कापसावर ठेवावा तसा.

समोर रस्त्यावर हिरव्या फांद्या टाकलेल्या होत्या. म्हणजे पुढे कुणाची तरी गाडी बंद पडली आहे. फांद्यांच्या पलीकडे दगडांची रांग होती आणि तिच्याही पलीकडे एक ट्रक तिरका उभा होता. त्याने निम्म्याहून जास्त रस्ता अडवला होता. ट्रकच्या खालून माणसांचे पाय बाहेर आले होते. मोकळ्या राहिलेल्या बाजूला दरी होती.

तिला सगळं एकाच वेळी कळलं. तिसरा टाकायचा म्हणजे एकदा क्लच दाबायचा, मग दुसऱ्यासाठी पुन्हा दाबायचा. दोन्ही वेळा गाडी मोकळी सुटणार आणि दोन्ही वेळा वेग घेणार. एवढा रस्ता समोर उरलाच नव्हता. थेट दुसरा टाकावा तर या वेगात मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी जाणार. आणि हे सगळं जमलं तरी किल्ली देमेकेची. अशा वेळी किल्लीचा विचार मनात यावा, याची तिला स्वतःचीच चीड आली. तिचा हात गिअरच्या दांड्यावर गेला आणि सवयीने तिसऱ्याकडे वळला.

"जड," गाशे ओरडले. पुरचुंडी त्यांच्या मांडीवरून खाली पडली. "अस्नू, जड टाक."

तिने ब्रेक सोडला, पुन्हा मारला, सोडला, मारला. चौथ्या खेपेला पायाखाली थोडं काहीतरी धरलं. वेग जरा उतरला. अजून उतरू दे, तिने स्वतःला बजावलं, अजून थोडा. मागे कुणीतरी देवाच्या आईचं नाव घेत होतं. फांद्या चाकांखाली कडाडल्या. तेव्हा तिने क्लच दाबला, ॲक्सिलरेटर देऊन इंजिनचा आवाज चढवला, दांडा चौथ्यातून थेट दुसऱ्यात ओढला आणि घाईने पाय उचलण्याऐवजी अगदी सावकाश, पोळी उलटावी तसा, क्लच सोडला.

इंजिन किंचाळलं. सगळ्यांची डोकी पुढे गेली, कोंबडी उडून देमेकेच्या छातीवर आदळली. पण पेटीने गिअर धरला. गाडी कण्हत कण्हत मंदावली, तिने हँडब्रेक ओढला, पहिला टाकला, आणि पुढचं चाक दगडाला टेकून थांबलं. ट्रकखालचे पाय सरपटत बाहेर आले. त्यांना माणसं होती, आणि ती माणसं शिव्या देत होती. अस्नाकेचला त्या शिव्या फार गोड वाटल्या.

सगळे खाली उतरले. देमेकेने चाकांना दगड लावले. गाशे चाचपडत गाडीच्या नाकापाशी आले, तिथून त्यांनी काठी पुढे केली आणि ती लगेच ट्रकच्या फळीवर वाजली.

"गाळलास," ते म्हणाले.

"गाळला."

"चौथ्यातून दुसरा."

"हो, गाशे."

त्यांनी हात पुढे केला. अस्नाकेचने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. तिला वाटलं होतं रडू येईल, पण आला तो राग, इतका की कान तापले. जीव वाचले ते कुणाच्या लेखी नाहीत, पायरी तेवढी मोजायची. गाशेंनी देमेकेला हाक मारून किल्ली दिली. शब्द म्हणजे शब्द, एवढंच ते बोलले. ब्रेक निवल्यावर देमेके खाली मान घालून चालकाच्या जागी जाऊन बसला. त्याने ब्रेक दाबून पाहिला, पुन्हा दाबून पाहिला, पण किल्ली काही फिरवली नाही.

गाडीत दुसरं कुणीच चढलं नाही. एतेते बेलेटू कठड्याच्या दगडावर बसली होती. तिने कोंबडीची पिसं नीट केली आणि विचारलं, "गाशे, मघाशी तुम्ही काय ओरडलात?"

"जड."

"जड म्हणजे कितवा?"

निम्म्या गावाला गाडी शिकवलेला माणूस या प्रश्नाला अडखळला. "इथे, या उताराला?" ते म्हणाले. "दुसरा."

"आणि गाडी होती चौथ्यात. मग मधला तिसरा कुणी गाळला? पोरीने, की तुम्ही?"

ट्रकवाल्यांपैकी एक जण खुदकन हसला. गाशेंनी पांढुरके डोळे दरीकडे वळवले. अस्नाकेचला त्यांच्या जबड्याचा स्नायू हलताना दिसला. दाढा चालू होत्या आणि तोंडात काही नव्हतं. ब्रेक गेलाय हे त्यांना तिच्या पायाच्या आवाजावरून कळलं होतं. फांद्या दिसल्या नव्हत्या, ट्रक दिसला नव्हता, तरी सगळी हयात जपलेला नियम त्यांनी तिच्याआधी मोडला होता. तिचा राग एकदम ओसरला, आणि आता मात्र डोळे भरून आले.

"देमेके," गाशे म्हणाले, "उतर."

देमेके इतक्या पटकन उतरला की दार उघडंच राहिलं.

ट्रकवाल्यांनी दगड सारले, अस्नाकेचने दरीच्या कडेकडेने गाडी पुढे काढली आणि राहिलेला उतार दुसऱ्यात काढला, पाय ब्रेकला न लावता. एतेते बेलेटूने आपल्याकडचे मूठभर जव पुढे गाशेंच्या हातात दिले. पूल आला, नदी गढूळ आणि सावकाश होती. पुलानंतर चढण लागण्याआधी रस्ता थोडा सरळ जातो. तिथे अस्नाकेचने गाडी दुसऱ्यातच चांगली पळवली, वेग पुरता जुळू दिला आणि तिसऱ्याला हात न लावता दांडा सरळ चौथ्यात टाकला. गाडीने हूं की चूं केलं नाही.

शेजारच्या दाढा थांबल्या.

"ऐकलं मी," गाशे म्हणाले, आणि जव चघळू लागले.