पाडलेल्या खोलीतली मुले

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि माझा दोष आधीच कबूल करतो. मला जे सांगाल ते मी करतो. ‘का?’ असे मी आयुष्यात कुणाला विचारलेले नाही. लोक याला गुण म्हणतात. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो.

माझी पहिली वर्षे एका मोठ्या कचेरीत गेली. मी हळू चालतो म्हणून तिथून मला काढले आणि मी एका बालगृहाच्या ऑफिसात येऊन पडलो. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेले डुगडुगते टेबल, कडी न लागणारी खिडकी आणि खुर्चीत नोंदकाकू. ज्यांना घर नाही अशी मुले तिथे राहत आणि नोंदी ठेवणाऱ्या या बाईंना ती सगळी नोंदकाकूच म्हणत. काकूंची लेक संगणक दुरुस्त करायची. तिने माझ्यातली धूळ ब्रशने झाडली, मला झेपेल अशी लिनक्स नावाची हलकी प्रणाली बसवली आणि म्हणाली, “आई, म्हातारा आहे, पण खणखणीत आहे.” माझा पंखा तेव्हा जरा जोरातच फिरला असेल.

काकूंचे काम दिसायला छोटे होते. मूल ज्या दिवशी येई, त्या दिवसाची हकिगत त्या लिहून ठेवत. अंगावर काय होते, मुठीत काय होते, रडत होते की गप्प, पहिला शब्द कोणता बोलले. “मोठी झाली की विचारायला येतात गं,” त्या लेकीला सांगत. “आपल्याशिवाय कोण सांगणार त्यांना?” आणि खरेच, मुले मोठी होऊन येत. काकू वाचून दाखवत, ‘लाल मोजा एकाच पायात, दुसरा पाय उघडा,’ आणि समोरचा दाढीवाला गडी हसता हसता डोळे पुसायचा.

या नोंदी माझ्या पोटातल्या डेटाबेसमध्ये असत. तिथे जायला काकूंजवळ फक्त काळा पडदा होता. त्यावर आज्ञा टाइप करायची आणि एक खूण जरी चुकली तरी मी साफ नकार द्यायचो. काकूंना दोनच आज्ञा येत, नोंद घालण्याची आणि नोंद शोधण्याची. त्या त्यांनी कागदावर लिहून माझ्या कपाळावर चिकटवल्या होत्या. पुसण्याची आज्ञा त्या कधी शिकल्याच नाहीत.

पुढे काकूंची बोटे संधिवाताने वाकडी झाली. आईचे हाल लेकीला बघवेनात. एका सुट्टीच्या दिवशी ती आली आणि डेटाबेस बटणांनी चालवता येईल असे नवे साधन तिने माझ्यात बसवायला घेतले. मध्येच पासवर्ड टाकायची वेळ आली, तशा काकू घाबरल्या. “अगं, काहीच उमटत नाहीये! बंद पडला की काय?”

“इथे पासवर्ड दिसतच नाही, आई. तू टाक बिनधास्त.”

साधन बसले, पण डेटाबेस त्याला आत घेईना. चार वेळा नकार आला, तेव्हा लेक वैतागली. तिने त्या साधनाच्या नावाने डेटाबेसमध्ये एक नवा वापरकर्ता तयार केला आणि बघण्याचे, लिहिण्याचे, पुसण्याचे सगळे अधिकार त्याला देऊन टाकले. लगेच दार उघडले. “हे अधिकार नंतर कमी करते,” ती म्हणाली. “आणि नोंदींची दुसरी प्रत ठेवायची सोयही रविवारी लावते.” त्या रविवारी तिला काम आले, पुढच्याही आले, आणि ते राहून गेले.

काकू मात्र हरखल्या होत्या. “हे तर अगदी वहीसारखं आहे गं!” त्या म्हणाल्या. मलाही कौतुक गोड लागले, खोटे कशाला बोलू?

मग इमारतीची मागची खोली गळू लागली. तिथल्या कपाटात काकूंच्या जुन्या वह्या होत्या, त्यांचा पार लगदा झाला. “जाऊ दे, सगळं यंत्रात आहे,” काकू म्हणाल्या. काही दिवसांनी ती खोलीच पाडून टाकली. काकूंना टापटिपीची भारी आवड. त्यांनी माझ्यातली खोल्यांची यादी उघडली, तर मागची खोली तिथे तशीच. “खोलीच नाही, तर नाव कशाला?” असे म्हणून त्यांनी त्या ओळीवर टिचकी मारली आणि पुसण्याचे बटण दाबले. नक्की पुसायचे का, एवढे मी विचारले. “हो रे बाबा, हो,” काकू म्हणाल्या.

मित्रांनो, लेकीने डेटाबेस रचताना एक नियम घातला होता. खोली पुसली, तर त्या खोलीच्या नावावरच्या मुलांच्या नोंदीही पुसायच्या. त्या खोलीत आजवर राहून गेलेली त्रेसष्ट मुले एका क्षणात माझ्यातून गेली. मी नियम पाळला आणि पुढच्या हुकमाची वाट पाहत बसलो.

चार दिवसांनी ते उघडकीला आले आणि लेक धावत आली. तिने माझा कोपरा न् कोपरा धुंडाळला. “चूक माझी आहे, आई.” “तुझी कशी? टिचकी मी मारली.” मायलेकी एकमेकींची चूक आपल्या अंगावर ओढत राहिल्या. नोंदी परत आल्या नाहीत. नावे आणि तारखा हजेरीपटावरून पुन्हा भरता आल्या. पहिल्या दिवसाची हकिगत मात्र काकूंनी आठवून आठवून लिहिली. एकेचाळीस मुलांची आठवली. बावीस रकाने रिकामे राहिले.

त्या बाविसांतली एक जण एका दुपारी आली. ती आता बस चालवायची, गणवेशातच आली होती. “काकू, माझी लेक रोज विचारते, आई, तू लहान असताना कशी होतीस? मला काहीच सांगता येत नाही. मी इथे आले तो दिवस तेवढा वाचून दाखवा ना.”

काकूंनी तिचे नाव शोधले. रकाना रिकामा होता. माझा पडदा त्या बाईला दिसत नव्हता. काकूंची वाकडी बोटे हळूहळू चालू लागली: ‘पिवळा स्वेटर. मुठीत बिस्कीट. रडत नव्हती.’ मित्रांनो, हे सगळे खोटे होते. जतन करण्याचे बटण शेजारीच होते आणि त्यांनी ते दाबले असते, तर मी तेही खरे म्हणून ठेवून घेतले असते. काकूंचे बोट त्या बटणापर्यंत गेले. मग त्यांनी एकेक अक्षर पुसले.

“तुझी नोंद माझ्या हातून पुसली गेली, बाळा,” त्या म्हणाल्या. “खूप आठवून पाहिलं. नाही आठवत.”

बाई उठून उभी राहिली. “तुमच्याकडे तेवढंच तर होतं माझं,” ती म्हणाली आणि निघून गेली. काकू टेबलावर डोके ठेवून रडल्या. लेकीने त्याच संध्याकाळी येऊन राहिलेले काम पुरे केले. त्याला जेमतेम अर्धा तास लागला.

मित्रांनो, काकू आता निवृत्त झाल्या आहेत आणि माझेही फार दिवस उरलेले नाहीत. तुमच्याजवळ दुसऱ्या कुणाची आठवण ठेवायला दिलेली असेल, तर तिची एक प्रत आजच दुसरीकडे ठेवा. रविवारची वाट पाहू नका. माझी प्रत हल्ली रोज संध्याकाळी पाच वाजता शेजारच्या यंत्रात जाते. एकही अक्षर गळत नाही. ते बावीस रकानेही रोज जातात, आणि तिकडेही रिकामेच पोचतात.