पानबाबांचा पुदिना

साल २०१८, ऐन मे महिना. अंबरनाथ पूर्वेच्या एका इमारतीत पानबाबा मुक्कामाला उतरले आणि जिन्यात चपलांचा ढीग लागला.

बाबा घराघरात ओल्या पुदिन्याची जुडी वाटत. तीर्थ शिंपडायचं, जुडी लाल फडक्यात घट्ट बांधायची, गच्चीवर उन्हात ठेवायची. "तीन दिवसांनी पान काळं निघालं तर घरात पनवती! माझं बघा, वाळूनही हिरवंगार. तपाचं तेज!"

प्रत्येक घरची जुडी काळी निघाली, आणि प्रत्येक घरात एखादी सून होतीच.

सुंदराबाईंकडे तर नवीकोरी होती. "अवधूत, हिची बॅग भर," त्या मुलावर कडाडल्या. "बदलापूरला माहेरी सोडून ये." अवधूत जमिनीकडे बघत राहिला. माधवी दारात रडत उभी.

समोरच्या द्रौपदीबाईंना ते काळं पान ओळखीचं वाटलं. तरुणपणी त्या उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये एका सिंधी काकूंच्या पापडांसाठी पुदिना वाळवत. पहिल्याच दिवशी त्यांनी ओल्या जुड्या उन्हात टाकल्या होत्या. "अरी द्रौपदी, धूप में नहीं! काला पड़ेगा!" काकूंचा तो आवाज अजून कानात होता.

"बाबा, एकच जुडी घेऊ," त्या म्हणाल्या. "अर्धी तुम्ही फडक्यात बांधून गच्चीवर ठेवा, अर्धी माधवी माझ्या घरात वाळवेल."

"माई, साधूची परीक्षा घेता?"

"सुनेची चालते, मग तुमची का नको?"

लोक हसले. बाबांना नाही म्हणता येईना.

तीन दिवसांनी बाबांच्या फडक्यातून काळाकुट्ट चोथा निघाला. माधवीचा पुदिना हिरवा, कुरकुरीत.

"पानं धुतली, पुसली, सुटी करून जुन्या साडीवर सावलीत पसरली. वर पंखा," द्रौपदीबाई म्हणाल्या. "ओलं पान बांधून उन्हात कोंडलं की काळवंडणारच. आणि बाबांच्या बंद खोलीत पंखा दिवसभर का गरगरतो, तेही बघा."

या वेळी अवधूत उठला. त्यानं दार ढकललं. पलंगभर वर्तमानपत्रं, त्यांवर पुदिना.

"पंख्यातही देवाचाच वारा," बाबा पुटपुटले.

"मग पंख्याच्याच पाया पडतो की!" मागून कोणीतरी म्हणालं.

बाबा संध्याकाळीच गेले. पुढे म्हणे ते कुठेतरी लिंबातून भुतं काढू लागले. सुंदराबाईंनी माधवीची माफी कधी मागितली नाही, पण त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमच्या सुनेचा पुदिना" म्हणून पुड्या देतात. अवधूत आता आईपुढे तोंड उघडतो. द्रौपदीबाई २०२२ मध्ये गेल्या. त्यांची जुनी साडी माधवीकडे आहे. तिच्यावर पानं पसरताना ती शेजारच्या मुलींना सांगते, "पान काळं पडलं तर आधी ऊन बघा, ओल बघा. माणसाकडे बोट दाखवायची घाई करू नका."