कोरडं लाकूड

“भट्टीवाल्याकडं लाकूड नाय? म्हंजे मिठागरात मीठ नाय म्हण की!” ओसरीवरून शेजारचा नामा बोलला आणि जीभ चावून गप्प झाला. घरात मयत होतं.

चंदर खाली मान घालून बसला होता. आत त्याच्या बायकोला, लहानीला, शेवटची आंघोळ घालत होते. शेणवे गावात कुणी गेलं की घरटी एक लाकूड येतं. आजही आलं होतं. पण आठवडाभर झड लागलेली, सगळी लाकडं भिजून काळी पडलेली.

त्याच्या वीटभट्टीमागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, कोरडी लाकडं छपरापर्यंत रचलेली होती. पावसाळ्यानंतरच्या भट्टीसाठी. हे चंदरला ठाऊक होतं, आणि ती रचणाऱ्या त्याच्या गड्याला, जाणूला.

आणि बायकांमध्ये नम्रता मॅडम बसली होती. मुरबाडला तिच्या देखरेखीखाली एका संस्थेची इमारत होत होती. बांधताना किती धूर, किती कार्बन हवेत जातो, याचा हिशेब तिच्याकडे होता. तांदळाच्या तुसावर भाजलेलीच वीट ती घ्यायची. चंदरनं पहिली भट्टी खरंच नुसत्या तुसावर लावली. मधल्या विटा कच्च्या राहिल्या. मग तो गुपचूप लाकूड घालू लागला आणि तिला सांगत राहिला, “आमी लाकडाला हात लावत नाय, मॅडम.”

शेडची वाट अंगणातूनच जात होती. लाकडं मॅडमच्या डोळ्यांसमोरून आणावी लागली असती. मुरबाडचं काम हातचं गेलं असतं.

जाणूनं त्याच्याकडे पाहिलं. “सेठ, मंग?”

“बघ ना रे कुठं मिळतात का.”

जाणू आपल्या वाडीकडे चालू लागला. परत आला तेव्हा त्याच्या आणि त्याची बायको रंजनाच्या डोक्यावर वासे होते, चुलीच्या धुरानं वर्षानुवर्षं सुकलेले. पाठोपाठ त्यांची पोरं घराच्या कुडाच्या कारवीच्या काठ्या घेऊन आली.

“आरं, घर मोडलंस काय?” नामानं विचारलं.

“पाठची बाजूच काढली,” रंजना म्हणाली. “लहानीकाकीनं माझी दोन बाळंतपणं काढली, दादा.”

सरण पेटलं. चांगलं पेटलं. नम्रता चंदरजवळ आली. तिचे डोळे रडून सुजले होते. “काका, खरं सांगू? मला तुमच्या भट्टीबद्दल शंका होती. आज वाटलं, या माणसाकडे बायकोसाठीसुद्धा लाकूड नाही. मला माफ करा.”

चंदरनं तोंड उघडलं. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला, “रड रे, मोकळा हो.” तो रडलाही. लोकांना ते बरोबर वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीत शेडमधलं लाकूड भरून तो वाडीवर गेला. जाणूनं गाडीकडे पाहिलं, पण जवळ आला नाही.

“घे रे. तुझंच हाय.”

“मयताला दिलेलं परत घेत नाय, सेठ.”

“घर उघडं पडलंय तुझं.”

“बघू. गवत लावू.”

पाऊस जोरात आला. मागची भिंत नव्हती. पाणी सरळ चुलीपर्यंत येत होतं. पोरं एका कोपऱ्यात दाटीनं बसली होती. रंजनानं त्यांना आणखी सरकवलं, गोणपाट झटकून अंथरलं.

“सेठ, भिजू नका,” जाणू म्हणाला. “हितं बसा. हितं गळत नाय.”