सॉकेटवरची मोहोर

वायरमनने स्वयंपाकघरातल्या सॉकेटकडे पाहिलं ते उभ्या उभ्या, हात खिशात घालून. खाली वाकला नाही, स्क्रूड्रायव्हर काढला नाही, भिंतीला बोटसुद्धा लावलं नाही. एकुलत्या एका सॉकेटात खुपसलेला मल्टिप्लग आणि त्याला लटकलेले फ्रिज, वॉशिंग मशीन, किटली यांवरून त्याने नजर फिरवली आणि मान हलवून म्हणाला, "मावशी, हे घर काही राहण्यासारखं उरलेलं नाही. आतली सगळी वायर सडलीय. कधी पेट घेईल, सांगता यायचं नाही. तुम्ही आपल्या मुलाकडे जा बघू. मी पुन्हा येईन, तोवर विचार करून ठेवा."

हा मोहोरबाईंच्या मुलाचा शाळेतला मित्र. त्यांनी बोलावलं नसताना आला होता, मुलानेच पाठवला होता, आणि चहाही न घेता गेला. फुकटचा चहा सोडणारा वायरमन त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

मोहोरबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. परीक्षा खात्याच्या कचेरीत उभी नोकरी त्यांनी प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांवर लाखेची मोहोर उमटवण्यात घालवली, तेव्हा गल्लीने हे नाव ठेवलं आणि निवृत्तीनंतरही ते चिकटून राहिलं. त्या कामाचा एक गुण म्हणा की अवगुण, माणसाला लागतोच. समोरचा सज्जन आहे असं धरून चालायची सवय पार मोडते. पाकीट फोडायला आलेली माणसं दिसायला चांगलीच असतात. वाईट दिसणाऱ्याला कचेरीत शिरू कोण देतं?

आणि मुलगा अलीकडे फारच चांगला वागत होता. एरवी फोन केला की "मीटिंगमध्ये आहे" म्हणणारा हा पठ्ठ्या आता रोज संध्याकाळी "आई, जेवलीस का" विचारत होता. सुनेनेही गेल्या खेपेला सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "आई, तुम्हाला खोलीला कोणता रंग आवडेल?" कुठल्या खोलीला, असं विचारल्यावर मात्र तिने मिठाची गुळणी धरली. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते मोहोरबाईंना पक्कं कळत होतं. हे घर विकायचं, त्यातून मोठा फ्लॅट घ्यायचा आणि म्हातारीची सोय त्यातल्या एका खोलीत लावायची. सरळ विचारलं तर आई नाही म्हणणार, म्हणून ही भीती घालायची शक्कल.

घर म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण. पण लग्न होऊन त्या याच दारातून आत आल्या होत्या आणि नवरा गेला तो इथल्याच पलंगावर. सुनेच्या घरी पाणी प्यायला ग्लास घ्यायचा तरी त्यांना विचारावंसं वाटे. इथून उठलो की आपण कुठल्याच घरच्या राहणार नाही, अशी त्यांना खरोखरची भीती वाटत होती.

आणि वायर सडली म्हणे! शेजाऱ्यांचा फ्यूज दर थोड्या दिवसांनी उडे आणि ते अंधारात चाचपडत बसत. यांचा फ्यूज कधीही उडाला नव्हता. नवऱ्याने तो स्वतःच्या हाताने बांधला होता, आणि हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत. क्वचित प्लास्टिक जळल्यासारखा वास येई, पण तो शेजारीण कचरा जाळते त्याचा, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

आता पुन्हा येईल तेव्हा हा वायरमन काळं पडलेलं सॉकेट दाखवणार, आणि ते काळं आधी हाच करून ठेवणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. घराची दुसरी किल्ली मुलाकडे होतीच. त्यांनी कपाटाच्या तळातून लाखेची कांडी काढली, मेणबत्तीवर धरली आणि सॉकेटच्या मधल्या स्क्रूवर एक टपोरा थेंब सोडला. कचेरीतला शिक्का निवृत्त होताना जमा करावा लागला होता. त्याऐवजी नवऱ्याच्या जुन्या कोटाचं पितळी बटण दाबलं. ठसा असा स्वच्छ उठला की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. आता उघडून दाखवा म्हणावं.

पुढचे काही दिवस त्या येता-जाता मोहोर तपासत राहिल्या. होती तशी होती. मग पांघरुणं धुवायची निघाली. मशीन गरम पाण्यावर लावून त्या बाजारात गेल्या आणि परत येऊन पाहतात तो मोहोर बिघडलेली. लाख तुटली नव्हती, पण बटणाचा ठसा पुसला गेला होता आणि थेंब खाली ओघळून थिजला होता. ही करामत त्यांना चांगली ठाऊक होती. तापवलेल्या सुरीने लाख मऊ करायची, आतलं काम उरकायचं आणि पुन्हा जागेवर चिकटवायची. कचेरीत असं करणाऱ्यांना त्यांनी पकडून दिलं होतं आणि तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं. आज तसं काहीच वाटलं नाही. दुसरी किल्ली एकाकडेच होती. त्या स्टुलावर बसल्या आणि रडल्या.

मग डोळे पुसून मुलाला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता ये."

"काय झालं, आई?"

"ये म्हटलं ना."

तो येईपर्यंत त्यांनी जुनी लाख खरवडली आणि नवी मोहोर लावली. खरी कशी असते ते दाखवल्याशिवाय त्याला खोटी कशी कळणार? धुण्याची दुसरी फेरीही लावून दिली. आपण रडलो म्हणून पांघरुणं थोडीच धुतली जातात.

मुलगा ऑफिसातून तडक आला, गळ्यातलं ओळखपत्रही काढलं नव्हतं. त्यांनी किटलीचं बटण दाबलं. मुलगा घरी आला की बटण दाबायचं, या सवयीला रागलोभ कळत नाही.

"बस," त्या म्हणाल्या. "आज इथे कोण आलं होतं? तू की तुझा तो मित्र?"

"कोणी नाही. मी ऑफिसात होतो."

"लाख तापवून काढलीय. काय करून गेलाय तो माझ्या सॉकेटात?"

"आई, खरंच कोणी आलं नाही. तो कशाला येईल? त्याला यायची गरजच..."

"गरजच काय?"

मुलगा फरशीकडे बघत राहिला. अशी गप्प बसलेली माणसं मोहोरबाईंनी पुष्कळ पाहिली होती. "हे बघ, मोहोर अशी असते," म्हणत त्या बोटाने दाखवायला वळल्या, आणि बोट तसंच राहिलं.

लाख चकाकायला लागली होती. दोघांच्या डोळ्यांदेखत ठसा बुजला, थेंब लोंबला आणि सावकाश खाली सरकला. जवळ सुरी नव्हती, मेणबत्ती नव्हती, माणूस नव्हता. कोपऱ्यातून तोच जळका वास आला, आणि शेजारीण तर लेकीकडे गेलेली होती. मोहोरबाईंनी हात लावून पाहायला पुढे केला. मुलाने मनगट धरून त्यांना असं मागे ओढलं की त्या पडता पडता वाचल्या, आणि धावत जाऊन त्याने मेन स्विच बंद केला. मशीन मध्येच थांबलं.

मुलाने फोन करताच वायरमन या खेपेला धापा टाकत आला आणि थेट गुडघ्यांवर बसला. प्लेट काढली तर मागचं लाकूड कोळशासारखं काळं, आणि वायरीवरचं रबर हात लागताच भुगा होऊन गळलं. मग त्याने फ्यूज उपसून पाहिला. "मावशी, यात फ्यूजची बारीक तार नाहीच. कपडे वाळत घालायची जाड तार बांधलीय. हा उडणार कसा? घर जळून गेलं असतं तरी हा उडाला नसता."

मोहोरबाईंनी ती तार हातात घेऊन पाहिली. इतकी वर्षं ज्याची बढाई मारली ते हे होतं.

"बाप रे," वायरमन पुटपुटला. "मी तर आपलं नुसतं..." त्याने मुलाकडे पाहिलं आणि जीभ चावली.

"म्हणजे त्या दिवशी तुला काहीच दिसलं नव्हतं," मोहोरबाई म्हणाल्या.

"मीच सांगितलं होतं त्याला," मुलगा म्हणाला. "तुला जरा घाबरव म्हणून."

भीती घालण्याबद्दलचा संशय अगदी अक्षरशः खरा निघाला होता. मोहोरबाई त्याला फैलावर घ्यायला वळल्या. पण मुलगा त्यांच्याकडे बघतच नव्हता. पांढऱ्याफटक चेहऱ्याने तो भिंतीतल्या त्या काळ्या भोकाकडे बघत होता.

"खोटं आहे हे मला माहीत होतं ना, आई," तो म्हणाला. "म्हणून तर मी निवांत होतो. रोज जेवलीस का विचारायचो आणि फोन ठेवायचो. आणि तू इथे एकटी..."

"घराचं काय करायचं मनात आहे? सरळ सांग."

"विकायचं."

"विकायचं नाही. भिंती उकरून सगळी वायर नवी घालायची. मी समोर उभी राहून करून घेणार."

"बरं."

"तोवर तुझ्याकडे येते. कपडे भरते."

आत जाऊन त्यांनी दोन कपडे बॅगेत टाकले आणि दाराआड उभ्या राहिल्या. दोघेच उरले की काय बोलतात ते ऐकायलाच हवं होतं. आता हा बायकोला फोन करील, पुढचा डाव आखील. फोन झाला नाही. मग मुलाने हळू आवाजात विचारलं, "अजून किती दिवस टिकलं असतं रे?"

"दिवस कसले," वायरमन म्हणाला. "आज तू आला नसतास तर रात्रसुद्धा निघाली नसती."

त्यांनी फटीतून पाहिलं. मुलगा मशीनजवळच्या ओल्या फरशीवर बसला होता, ऑफिसच्या कपड्यांनिशी, तोंड दोन्ही हातांत धरून, आणि त्याचे खांदे हलत होते. चोरून ऐकलेलं मोहोरबाईंनी आजवर कधी वाया घालवलं नव्हतं. याचं मात्र काय करावं ते त्यांना कळेना. त्या मागे सरकल्या, बाहेर ऐकू जाईल इतक्या जोरात बॅगेची चेन ओढली, "आलेच हं" म्हणाल्या, आणि त्याला डोळे पुसता येतील इतका वेळ आतच उभ्या राहिल्या.