दोन कुलपांचा दरवाजा

"तो हात खिशात घाला आधी," किल्लीवाला दबक्या आवाजात म्हणाला. "साहेबलोक जिना चढताहेत."

पलीकडच्या देशाच्या किल्लीवाल्यानं उजवा हात कोटाच्या खिशात कोंबला. आता खिसा थरथरायला लागला.

नदी दोन देशांच्या मधून वाहत होती आणि बंधारा दोघांनी मिळून बांधला होता. खर्च निम्मा निम्मा, पाणी निम्मं निम्मं. विश्वास मात्र कोणीच कोणावर टाकला नव्हता. म्हणून बंधाऱ्यावरच्या मधल्या खोलीत कालव्याच्या दरवाजाला दोन कुलपं होती, एकेका देशाचं एकेक. दोन्ही किल्ल्या एकदम फिरल्याशिवाय चाक हलायचं नाही. जमिनीवर पिवळा पट्टा ओढलेला. तो कोणी ओलांडायचा नाही, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, असा करारच होता. त्या पट्ट्यावर आडव्या टाकलेल्या एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून या दोघांचे केस पांढरे झाले होते. एकमेकांना ते 'शेजारी' म्हणत.

दोन हिवाळ्यांपूर्वी शेजाऱ्याचा हात थरथरायला लागला आणि किल्ली भोकात जाईना. तेव्हापासून किल्लीवाला पट्ट्यावरून हात लांबवून दोन्ही कुलपं स्वतःच उघडत होता. दोन देशांचा करार मोडण्याचा गुन्हा दोघं रोज सकाळी बिनबोभाट करत आणि मग डबा उघडून गप्पा मारत.

आज दोन्हीकडचे अधिकारी एकत्र तपासणीला आले होते. हात दिसला की शेजाऱ्याला घरी पाठवणार, सरकारी खोली काढून घेणार. त्याची बायको त्या खोलीत वर्षभर अंथरुणाला खिळलेली. आणि निवृत्ती उन्हाळ्याच्या अखेरीस, अगदी तोंडावर; तोवर नोकरी टिकली तर खोली हयातभर राहणार होती.

"मी सांगून टाकतो सगळं," शेजारी म्हणाला. "माझ्यापायी तुमच्यावर बालंट नको."

"गप्प बसा. वहिनींना घेऊन कुठं जाणार तुम्ही?"

"आणि तुमची नोकरी?"

"माझी लेक कमावती आहे. तुमचं कोण आहे?" वहिनींना त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या गोळ्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ होत्या.

अधिकारी आत आले. इकडच्या इंजिनियर बाई आणि तिकडचे एक सडपातळ साहेब. दोघं एकमेकांशी इतकं गोड बोलत होते की भांडण नुकतंच झालेलं असावं.

"आपापली किल्ली लावा," साहेब म्हणाले.

शेजाऱ्यानं हात बाहेर काढला. किल्ली कुलपाच्या तोंडावर टकटक वाजू लागली. साहेब वाकून बघायला लागले. ते मान वर करून काही विचारणार, एवढ्यात किल्लीवाल्यानं स्वतःची बोटं सैल सोडली. त्याची किल्ली पायाखालच्या जाळीवर आपटली आणि फटीतून थेट नदीत गेली.

बाईंचा चेहरा उतरला. पाहुण्यांसमोर आपलाच माणूस तोंडघशी पडला होता.

"अहो, पाडलीत कशी?"

"हात थरथरतो माझा, बाई. बरेच दिवस झाले. मी लपवलं." त्यानं हात पुढे करून दाखवला. कसा थरथरवायचा ते त्याला शिकावं लागलं नाही; रोज समोर पाहत होता.

साहेब शेजाऱ्याकडे वळले. "काय हो, तुम्हाला ठाऊक होतं हे?"

शेजाऱ्यानं तोंड उघडलं. हा आता खरं बोलून सगळ्यावर पाणी फिरवणार, या धास्तीनं किल्लीवाल्यानं त्याच्यावर डोळे वटारले.

"हो," शेजारी म्हणाला. "थरथरतो त्यांचा हात. माणूस फार चांगला आहे, पण हात..."

"तुम्ही कशाला घाबरता? तुमच्यावर काही येत नाही," साहेबांनी त्याला धीर दिला.

किल्ली हरवली की दोन्ही कुलपं बदलायची, असा नियम होता. दोन देशांनी मिळून कुलूप पसंत करायचं म्हणजे वर्षाची निश्चिंती. तोवर जुनी कुलपं काढून दोन्हीकडच्या माणसांनी मिळून नुसतं चाक फिरवावं, असं ठरलं. चाकावर हात ठेवायला शेजाऱ्याला जमणार होतं. फक्त पट्ट्याच्या अलीकडे आता दुसरं कोणीतरी असणार होतं.

किल्लीवाला भरदुपारी घरी आला. त्यानं झालेलं सांगितलं. बायकोनं त्याचा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. हात धडधाकट होता.

"वहिनींची खोली राहिली ना?"

"राहिली."

"मग तोंड का एवढंसं झालंय?"

"माझं काय, मी नुसती किल्ली टाकली," तो म्हणाला. "त्यांना माझ्याविरुद्ध बोलावं लागलं. आता घरी जाऊन ते वहिनींना काय सांगतील?"

हात न सोडता बायको त्याच्याजवळ बसून राहिली, आणि ताट वाढायचं राहूनच गेलं.